बेकर पद्धतीचं घर मराठवाड्यात: भिंत आणि स्लॅब जरूर घ्या, जाळी जपून

आर्किटेक्ट लॉरी बेकर 1945 साली इंग्लंडहून भारतात आले ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची बांधकामं करायला. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी आयुष्यभर पाळलं. तिरुवनंतपुरममध्ये त्यांनी गरिबांची घरं बांधली आणि सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचा परिसरही उभा केला, तोही त्याच साध्या विटांत. 1985 मध्ये त्रिशूरला कॉस्टफोर्ड ही संस्था सुरू झाली आणि हे काम पुढे चालू राहिलं. लातूर-बीडकडे एखाद्या आर्किटेक्टने ‘बेकर पद्धतीचं घर’ देऊ केलं, तर त्यातलं काय घ्यावं आणि काय केरळातच राहू द्यावं, हे आधी ठरवायला हवं.

सगळ्यात जास्त फायदा भिंतीत आहे. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात. भिंत नऊ इंचीच राहते, पण मधे साधारण तीन इंचाची पोकळी सुटते. जिथे 100 विटा लागायच्या तिथे 75 च्या आसपास पुरतात आणि सिमेंट-वाळूही वाचते. पोकळीतल्या हवेमुळे एप्रिल-मेचं ऊन आत यायला वेळ लागतो. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा, लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईखालचा) आणि छताखालचा थर मात्र भरीवच हवा. दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूही भरीव.

बिघडतं ते इथे. आपल्याकडच्या भट्टीच्या विटा एका मापाच्या नसतात. कडेवर लावलेली वाकडी वीट लगेच ओळंब्याबाहेर जाते, गवंडी तो फरक मसाल्याने भरून काढतो आणि वाचलेलं सिमेंट तिथेच संपतं. गाडी उतरवून घेण्याआधी 20 विटा एका ओळीत लावून टेपने मोजा, मग दुसऱ्या 20 मोजा. फरक डोळ्याला दिसत असेल तर तो माल या भिंतीला चालणार नाही. राखेची वीट मापाला सरळ असते, ती मिळत असेल तर काम सोपं होतं. दुसरी चूक म्हणजे मसाला पोकळीत पडणं. थर देताना पोकळीवर लाकडी पट्टी ठेवायलाच हवी. तिसरी वायरिंगची. उभ्या विटेची जाडी फक्त तीन इंच, त्यामुळे नंतर खाचा मारल्या की भिंत गेली. पाइप बांधतानाच पोकळीतून वर न्यावेत, म्हणजे बोर्ड कुठे येणार हे भिंत सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

किल्लारीच्या मुलखात या पोकळीचा आणखी एक उपयोग आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात माणसं मेली ती जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. त्या भिंतींच्या आतल्या-बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नव्हता. रॅट-ट्रॅपमध्ये आडवी वीट दोन्ही बाजू धरते. शिवाय कोपऱ्यांतल्या पोकळीत पायापासून छतापर्यंत उभी सळई घालून काँक्रीट भरता येतं. जोतं, लिंटेल आणि छत या तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा पट्टा हवाच. ‘लिंटेल फक्त खिडकीवर टाकू, पट्टा कशाला’ असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

फिलर स्लॅबही घेण्यासारखा आहे. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळई घेते. म्हणून सळयांच्या चौकटींत एकावर एक दोन मंगळुरी कौलं ठेवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, दोन कौलांमधली हवा ऊन अडवते. जुन्या घरांची उतरवलेली कौलं यासाठी उत्तम. ती भिजवूनच ठेवावीत, कोरडी कौलं काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतात. भिंतीलगत आणि बीमलगत कौल नको, तिथे पूर्ण काँक्रीट. सळयांचं अंतर कौलाच्या मापावरून गवंड्याने नाही, इंजिनिअरने ठरवावं. आणि गच्चीला चुन्याचा पांढरा हात दर उन्हाळ्याआधी द्यावाच. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतातूनच येतं.

विटांमध्ये भोकं सोडून केलेली जाळी मात्र जपून. केरळच्या दमट हवेत दिवसभर वारा खेळता हवा, आपल्याकडे दुपारी घर बंद आणि रात्री उघडं हवं. उघड्या जाळीतून झळ, धूळ आणि डास तिन्ही येतात. उत्तरेकडे उंचावर, आतून झडप लावून ठीक. बेकरांसारखी विनागिलाव्याची भिंतही इथे सगळीकडे जमत नाही. वीट कच्ची भाजलेली आणि पाणी खारं असलं की लोणा लागतो. बाहेरून खालचे तीन फूट गिलावा करून वर नुसतं सांध्यांचं पॉइंटिंग केलं तर टिकतं.

पाया तर इथलाच हवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ दगडी पायावरची भिंत तिरकी फाटते. मुरूम लागेपर्यंत खोदा. मुरूम फारच खाली असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) आणि त्यावर जोत्याचा बीम, बीमखाली माती फुगायला मोकळी जागा सोडून.

फीबद्दल एकच सांगणं. बेकर स्वतः साइटवर उभे राहून गवंड्यांकडून काम करून घेत. नकाशा देऊन परत न फिरकणाऱ्या आर्किटेक्टकडून ही पद्धत घेऊ नका. पहिले तीन थर, लिंटेलचा पट्टा आणि स्लॅब भरण्याचा दिवस, या वेळी तो हजर राहील हे करारात लिहून घ्या. गवंड्याशी मजुरीही आधीच बोलून घ्या, कारण सुरुवातीला हात बसेपर्यंत काम हळू होतं आणि तो जास्त दर मागेल. त्याचं मागणं रास्त आहे. घरकुलाचा हप्ता मिळवायला पावसाळ्याआधी घाईने लिंटेल गाठायचं असेल, तर नेहमीचीच भिंत बांधा आणि बचत फिलर स्लॅबमध्ये करा.