छंदासाठी गाळा भाड्याने घेतला आणि मालमत्ता कर शिकून आलो (३/५)

आधीच सांगतो, गाळा चांगलाय, नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की हा माणूस नुसता रडायला बसलाय. मी लाकूडकाम करतो, पोटापाण्यासाठी नाही, शनिवार-रविवारचा उद्योग. घरात करत होतो तोवर भुसा थेट पिठाच्या डब्यापर्यंत पोचायचा आणि राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन, वायफायचा नव्हे) चालू केला की वरचे काका जिना उतरून यायचे. म्हणून शेवटी एका मोठ्या शेडमधला छोटा गाळा घेतला, १२० चौरस फूट. एका कंपनीने अख्खी शेड मालकाकडून घेऊन १२ गाळे पाडलेत आणि ते महिन्यावर देतात. नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत, कागद वाईट होते.

गाळ्याबद्दल पटकन सांगतो. शटर एका हाताने वर जातं, थ्री फेज लाइन आहे, फरशी सपाट आहे (टेबल सॉ ठेवल्यावर पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागत नाही, हे सुख ज्याला कळतं त्याला कळतं), आणि रात्री ९ पर्यंत आवाज चालतो. भुसा ओढायचं कॉमन मशीन आहे म्हणे, मी घेतल्यापासून बंदच आहे, तक्रार रजिस्टरमध्ये माझ्या चार एन्ट्र्या आहेत.

आता मुख्य विषय. करारात भाडं, डिपॉझिट, वीज सगळं नीट लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, 'सर्व कर व उपकर भाडेकरूकडून प्रमाणानुसार वसूल केले जातील'. मी वाचली होती हो, पण मला वाटलं आपण काय दुकान थोडीच टाकतोय, छंद आहे, घरपट्टीसारखं काहीतरी किरकोळ येईल. दुसऱ्या महिन्यात बिल आलं त्यात मालमत्ता कराचा हिस्सा जवळजवळ भाड्याच्या पाचव्या भागाएवढा. मॅनेजरला फोन केला, म्हणलं दादा मी इथे स्टूल बनवतो, विकत पण नाही, मला कमर्शियल रेट कसा काय लावता? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, छंद काय आणि धंदा काय, शटर वर गेलं की बिगरनिवासी."

राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. हा कर तुमच्या कमाईवर नसतो, जागेवर असतो. पालिकेच्या वहीत त्या जागेपुढे वापराचा एक रकाना असतो, निवासी, व्यापारी, औद्योगिक वगैरे, त्यात छंद नावाचा रकानाच नसतो. कुठे कर भाड्याच्या अंदाजावर काढतात, कुठे जागेच्या बाजारभावावर, कुठे सरळ क्षेत्रफळावर, पण वापर बिगरनिवासी असला की दर सहसा चढाच. तुम्ही आत वर्षाला हजार खुर्च्या बनवा नाहीतर नुसतं बसून रंध्याचं पातं घासा, आकडा तोच. उलट मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की शेजारच्या गाळ्यातला फॅब्रिकेशनवाला हेच भाडं आणि हाच कर धंद्याच्या खर्चात दाखवतो आणि त्याचा इन्कम टॅक्स तेवढा कमी होतो, मी मात्र पगारावर कर भरून उरलेल्या पैशातून हा कर भरतो. म्हणजे दोघांचं बिल सारखं, पण खिशाला भोक माझ्या मोठं.

नेटवर शोधलं तर अजून गोंधळ. पहिल्या पानावर जे सापडलं ते सगळं इंग्लंडचं निघालं, तिथे बिझनेस रेट्स म्हणतात आणि तो कर जागा वापरणाऱ्याच्या नावावर बसतो, आणि लहान जागेला सूट असते, जागेचं करासाठी ठरवलेलं वार्षिक मूल्य १२ हजार पाउंडापर्यंत असेल आणि तुमच्याकडे तेवढी एकच जागा असेल तर पूर्ण माफ. मी एक आख्खी संध्याकाळ ते वाचून खुश होतो, बायकोला पण सांगून टाकलं की सुटलो. मग लक्षात आलं की आमच्या इथे बिल मालकाच्या नावाने निघतं, मालक ते कंपनीवर ढकलतो, कंपनी माझ्यावर, आणि पालिकेला मी कोण हे माहीतच नाही. त्यामुळे सूट मागायची तरी कुणाकडे? दुसऱ्या देशाचे नियम वाचून हिशोब मांडू नका एवढंच सांगतो.

मग मी एक शहाणपणा केला, मूळ बिलाची कॉपी मागितली. तीन आठवडे लागले. आधी म्हणाले ऑफिसात नाहीये, मग म्हणाले मालक गावाला गेलाय, मग एकदाचा मोबाइलवर फोटो आला, तिरका काढलेला, एका कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा. पण त्यात सगळं होतं. वापर औद्योगिक, एकूण क्षेत्र २,४०० चौरस फूट, चालू मागणी, आणि त्याच्या खाली वेगळ्या ओळीत मागची थकबाकी आणि त्यावरचा विलंब दंड. आणि कंपनीने काय केलं होतं, ही सगळी बेरीज घेऊन १२ गाळ्यांनी भागून टाकली होती! कुणाचा गाळा ४०० फुटांचा, माझा १२०, पण हिस्सा सगळ्यांना सारखा. क्षेत्रफळाने माझे व्हायला हवेत ५ टक्के, लावले होते सव्वाआठच्या वर. प्रमाणानुसार म्हणजे असं प्रमाण? शिवाय मी जागा घेण्याच्या आधीच्या वर्षाची थकबाकी आणि मालकाने उशीर केल्याचा दंड मी का भरू हा प्रश्न वेगळाच.

हे मी एका साध्या कागदावर लिहून दिलं, भांडलो नाही, नुसती आकडेमोड आणि खाली सही. इथे कंपनीला मार्क द्यायला पाहिजेत, मॅनेजरने कॅल्क्युलेटर काढून माझ्यासमोर सगळा हिशोब पुन्हा केला, दोनदा केला, मग म्हणाला "हे आधीपासून असंच चालू आहे साहेब, कुणी विचारलंच नाही". पुढच्या महिन्यापासून ५ टक्के झाले, थकबाकी आणि दंड काढला आणि जास्तीचे घेतलेले भाड्यात वळते केले. ४०० फूटवाला आता माझ्याकडे बघून हसत नाही, त्याचं बिल वाढलं ना.

थकबाकीला किरकोळ समजू नका. एक दिवस सकाळी गेलो तर शेडच्या मोठ्या गेटला नोटीस चिकटवलेली, ठराविक मुदतीत कर भरला नाही तर जागा सील करण्यात येईल. खळ अजून ओली होती, कागद वाऱ्याने एका बाजूने उचलला जात होता आणि मी तिथे क्लॅम्पची पिशवी घेऊन उभा. आत माझं टेबल सॉ, दोन रंधे, आजोबांची पटाशी. थकलेला कर त्या जागेलाच चिकटलेला असतो, कुणी थकवला हे कुलूप लावणारा विचारत बसत नाही, आपण आपला हिस्सा वेळेवर दिला असला तरी तो पुढे पालिकेत पोचला का नाही हे आपल्याला कुठे दिसतं? मालकाने मुदतीत भरला, सील झालं नाही. पण त्या दिवसापासून पटाशी रोज घरी येते माझ्याबरोबर.

एक गंमत पण सांगतो. फळ्या ठेवायला पोटमाळा काढायचा विचार होता, लोखंडी अँगल, वर प्लाय, भिंतीत पक्का. मॅनेजर म्हणाला नको, मोजणीला माणूस आला तर क्षेत्रफळात धरेल, उभं रॅक करा, हलवता आलं पाहिजे. मला आधी हा बहाणा वाटला, पण कर मोजमापावर आला की लोक इमारतीचा आकारच बदलतात हे जुनंच आहे, इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घ्यायचे, तर लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात बसले. मी रॅकवर भागवलं. खाली चाकं लावलीत, ब्रेकवाली, आता कुणी येऊ दे मोजायला.

कुणी असा गाळा बघत असेल तर भाडं ठरवायच्या आधी चालू वर्षाचं कराचं बिल आणि मागची भरलेली पावती बघायला मागा, दोन्ही. दाखवायला का-कू केली तर तिथेच समजा. आणि करारात 'प्रमाणानुसार' असा मोघम शब्द असेल तर त्याच्या आधी 'क्षेत्रफळाच्या' हा शब्द पेनाने घालून दोघांच्या सह्या घ्या, भाडं करासकट एकच आकडा ठरला तर अजून बरं. मी यावेळी कराराची मुदत वाढवताना तेच केलं, एकच रक्कम, वर्षभर फिक्स, कर वाढला तर त्यांचं ते बघतील. किंचित जास्त पडते, पण दर महिन्याला कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागत नाही.

स्टार तीन. भुसा ओढायचं मशीन चालू झालं की साडेतीन करतो.