कोलॅजेनच्या नावाखाली जिलेटिन गळ्यात मारतात

डब्यावर लिहिलेलं: ‘गुरांच्या कंडरेतून ४ अंशांवर काढलेलं नेटिव्ह कोलॅजेन, टाइप १’. नेटिव्ह म्हणजे मूळ तिहेरी पीळ शाबूत असलेलं; तो पीळ उष्णतेने सुटला की उरतं ते जिलेटिन. आत निघाली बारीक दाणेदार पावडर, कोमट पाण्यात बघता बघता विरघळणारी. इथेच पितळ उघडं पडतं. गोठवून वाळवलेलं खरं कोलॅजेन पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, थंड ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळलं की फुगतं आणि दाट, तार धरणारं द्रावण होतं.

प्रमाणपत्र मात्र चकचकीत. हायड्रॉक्सिप्रोलीन हे कोलॅजेनची ओळख मानलं जाणारं अमिनो आम्ल भरपूर, पण ते जिलेटिनमध्येही तेवढंच असतं: उष्णतेने पीळ सुटतो, अमिनो आम्लं तीच राहतात. प्रथिनं चक्क १०१ टक्के! प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजून त्याला एका गुणकाने गुणतात. कोलॅजेनमध्ये नायट्रोजन जास्त असतो, म्हणून गुणक ५.५५च्या आसपास घ्यायचा. विक्रेत्याने इतर प्रथिनांसारखा सरसकट ६.२५ लावला.

काढायची पद्धत लेखी मागवल्यावर खरा प्रकार कळला. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने इतर प्रथिनं काढली, ब्यूटेनॉलने चरबी काढली, इथवर ठीक. पुढे ॲसेटिक ॲसिडमध्ये ६० अंशांवर ६ तास! गुरांच्या कोलॅजेनचा पीळ द्रावणात ४० अंशांच्या आसपासच उलगडतो, कॉड माशाचा तर १५ अंशांजवळ. ४ अंशांवर दोन-तीन दिवस ढवळावं लागतं आणि उतारा तरी बेताचाच, म्हणून ही उष्णता. ‘पेप्सिन वापरलंय, म्हणून लगेच विरघळतं’ ही विक्रेत्याची शुद्ध लोणकढी. पेप्सिन हे पाचक एंझाइम रेणूच्या टोकाचे पीळ नसलेले तुकडे (टेलोपेप्टाइड) तोडतं, पीळ शाबूत राहतो.

घरच्या घरी पकडायची चाचणी सोपी आहे. नमुना थंड विरल आम्लात विरघळवा, बर्फावरच फॉस्फेट बफर सलाईन (पीएच स्थिर ठेवणारं खारं द्रावण) घालून पीएच ७.४ आणि प्रमाण मिलिलिटरला १ मिलिग्रॅम करा, मग ३७ अंशांवर ठेवा. खरं कोलॅजेन तासाभरात दुधाळ होऊन गोठतं. पेप्सिनने काढलेल्याला जरा जास्त वेळ लागतो. जिलेटिन ढिम्म, पारदर्शक. मासळीचं असेल तर तापमान त्याच्या उलगडण्याच्या खाली ठेवा, नाहीतर चांगला मालही नापास होईल.

नुसत्या एसडीएस जेलवर, म्हणजे प्रथिनांच्या साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या चाचणीवर, विसंबू नका. त्यात नमुना मुळात उलगडूनच चालवतात, त्यामुळे चांगल्या प्रतीचं जिलेटिनही कोलॅजेनच्या सुट्या साखळ्यांचे अल्फा पट्टे दाखवतं.

खरेदीपत्रात काढतानाचं कमाल तापमान आणि गोठण्याची चाचणी, दोन्ही अटी घाला. नुसतं ‘कोलॅजेन’ लिहिलं असेल तर विक्रेता हात वर करतो. या वेळीही त्याने तेच केलं.