पर्वरीची एस्केप रूम: ऑक्सिजन ६० मिनिटं, एसीचं पाणी अमर्याद

गोव्यातल्या पर्वरीच्या एस्केप रूमची, म्हणजे कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडायच्या खेळाची, तिकिटं तिघांची काढली होती: मी, लेक आणि तिची मैत्रीण. शनिवारी सकाळी लेकीला १०२ ताप. मैत्रीण तिच्याशिवाय यायला तयार नाही. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पैसे परत मिळत नाहीत आणि तारीख बदलायची तर दोन दिवस आधी कळवावं लागतं. ताप दोन दिवस आधी कळवून येत नाही, हे त्याला सांगून काय होणार? २४०० रुपये गेलेच होते. बायको म्हणाली, "मग तुम्हीच जा. नाहीतरी तुमचा जन्म बंद खोलीतच चाललाय."

खोटं नाही. मी रेफ्रिजरेशनचं काम करतो. मालीमच्या जेटीपासून कुंकळ्ळीच्या वसाहतीपर्यंत बर्फाचे कारखाने, मासळीच्या कोल्ड रूम, ब्लास्ट फ्रीझर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे खोल्या रिकाम्या करून दुरुस्त्या काढायचे दिवस. त्यातला एक शनिवार मी लेकीसाठी राखून ठेवला होता.

जागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे. पर्वरीत हमरस्त्याच्या आतल्या बाजूला, एका बंगल्याचा वरचा मजला. मी गेलो तेव्हा उड्डाणपुलाच्या कामामुळे वळसा घालून यावं लागत होतं, अर्धा तास हातात ठेवूनच निघा. गाडी गल्लीत लावा, समोरच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, गेटसमोर नको. तो माणूस फार मोठ्याने बोलतो.

खेळ असा. तुम्ही पुढच्या शतकातले अंतराळप्रवासी. यानातले बाकीचे सोडून गेले आहेत, तुमच्या केबिनचं दार बाहेरून सील झालंय आणि हवा ६० मिनिटांची. चार कुलपं उघडली की दार उघडतं. चुकीचा आकडा दाबला की दोन मिनिटं कापली जातात. भिंतीवर लाल आकड्यांत ऑक्सिजन २१ टक्क्यांपासून खाली घसरत असतो. हा खेळ दोघांपासून सहा जणांपर्यंतचा आहे, पण तिघांचे पैसे भरलेल्या एकट्या माणसाला नाही कोण म्हणणार? दार लावताना मुलगा कोंकणीत म्हणाला, "भिवपाचें कांय ना, अंकल. हांव कॅमेऱ्यांतल्यान पळयतां." म्हणजे घाबरू नका, मी कॅमेऱ्यातून बघतोय.

एकट्याने खेळण्यात एक गंमत आहे, ती गटाने येणाऱ्यांना कळणार नाही. चारजण असले की एक चुकतो, दुसरा हसतो, भीती वाटून घेतली जाते. एकट्याला स्वतःशीच बोलावं लागतं. दहाव्या मिनिटाला मी चक्क मोठ्याने "बरं, आता निळी वायर कुठे गेली?" म्हणत होतो, आणि ते सगळं तो मुलगा ऐकत होता.

पहिलं कुलूप सोपं: ग्रहांच्या चकत्या क्रमाने लावायच्या. दुसऱ्यापाशी माझी इज्जत गेली. कोपऱ्यात चंदेरी फॉइलच्या मागून पत्र्यावर थेंब पडत होता. टप्. टप्. दर थेंबामधलं अंतर सारखं. आणि पॅनेलवर लिहिलेलं, 'यान तुमच्याशी बोलतं आहे, ऐका.' मी ऐकलं. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला १४ थेंब. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा १४. मग १४१४ दाबलं. लाल दिवा, दोन मिनिटं गेली. उलटं करून ४१४१. परत दोन मिनिटं. सहा मिनिटं खर्चून फॉइल बाजूला केलं, तर आत स्प्लिट एसी. ड्रेनपाइपचा उतार उलटा बसवलेला, ट्रे भरून पाणी पत्र्यावर. बावीस वर्षं मी हेच पाइप दुरुस्त करतोय. स्पीकरमधून हसण्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला.

तिसरं कोडं मात्र पैसे वसूल. एका कपाटात चौकोनी डबा, भिंतीत गोल तोंडाचा पाइप. खाली पडलेलं सामान म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठ्याचं कव्हर, चिकटपट्टी आणि एक होजपाइप. काहीही लिहिलेलं नाही. मला ते बघताक्षणी कळलं, कारण ते खरोखर घडलेलं आहे. एप्रिल १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात जाऊन बसले. ते यान दोघांसाठी बनवलेलं, तेही दोनेक दिवसांसाठी. ऑक्सिजन पुरेसा होता. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे मात्र संपत आले. मुख्य यानात डबे होते, पण ते चौकोनी, आणि छोट्या यानातली तोंडं गोल. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या लोकांनी यानात असलेल्या वस्तूंनीच जोड तयार केला आणि रेडिओवरून पायरी पायरी सांगितला. पर्वरीत मला तोच जोड बांधायचा होता. पिशवी डब्यावर ओढली, पुठ्ठ्याने ताठ केली, होज खोचला, पट्टी गुंडाळली. पाइपला लावल्यावर आतला छोटा पंखा हवा ओढू लागला, पिशवी आत बसली आणि कुलूप खटकन उघडलं. ज्या कोणी हे कोडं रचलं त्याच्या हाताला नमस्कार. पिशवी कुठे गळत असेल तर पंख्याचा दाब पुरत नाही आणि कुलूप उघडत नाही. म्हणजे काम खरंच नीट करावं लागतं.

म्हणूनच भिंतीवरचा तो लाल आकडा खुपला. ज्यांना अपोलोची गोष्ट ठाऊक आहे त्यांनी काउंटर ऑक्सिजनचा का ठेवला? जरा हिशेब करू. खोली १० बाय १२ फूट, उंची ९, म्हणजे साधारण ३०,००० लिटर हवा. त्यात ऑक्सिजन ६,३०० लिटर. हालचाल करणारा एक माणूस तासाला तीसेक लिटर वापरतो. खोली अगदी हवाबंद असली तरी तासाभरात २१ चे २०.९ होतील. पण उच्छ्वासातून तासाला पंचवीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो चार टक्क्यांवर गेला की प्रकरण जिवाशी येतं, आणि ह्या खोलीत त्याला दोन दिवस लागतील. ऑक्सिजन तेव्हाही १६-१७ टक्के असेल. कोंडल्यासारखं वाटतं तेही मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आमच्या धंद्यात थंडाव्यासाठी जे गॅस वापरतात त्यांत म्हणूनच अमोनिया बरा म्हणतात. तो शिव्या देत येतो, माणूस पळतो. आर-४०४ए सारखा गॅस गळला तर वास नाही, हवेपेक्षा जड, खड्ड्यात साठतो आणि ऑक्सिजनला बाजूला सारतो. कोंडल्यासारखंही वाटत नाही. गुडघे टेकले की संपलं. त्या काउंटरवर कार्बन डायऑक्साइड चढता दाखवला असता तर मला घाम फुटला असता.

आता तक्रार. चौथ्या कुलपाशी होतो, बाहेर पाऊस दणकून लागलेला, आणि वीज गेली. मिट्ट काळोख. पंखा थांबला, स्पीकर मेला, कॅमेऱ्याचा लाल ठिपकाही गेला. पहिले काही क्षण मला वाटलं खेळच आहे. मग दाराकडून मंद गुणगुण ऐकू आली आणि पोटात गोळा आला. ती मॅग्नेटिक लॉकची गुणगुण. हे लॉक वीज असेपर्यंत दार धरून ठेवतं आणि वीज गेली की आपोआप सोडतं. बंद खोलीला तेच लावतात ते त्या गुणासाठीच. ह्यांनी ते इन्व्हर्टरवर जोडलं होतं. दिवा नाही, आवाज नाही, कुलूप मात्र जागं.

फार वर्षांपूर्वी एका कोल्ड रूममध्ये मी अकरा मिनिटं अडकलो होतो, उणे १८ मध्ये. आतून दार ढकलायचा नॉब बर्फाने धरला होता आणि हेल्पर चहाला गेला होता. पफच्या, म्हणजे फोम भरलेल्या, पॅनेलवर पाना मारला तर धप्पसुद्धा होत नाही, सगळा आवाज आतल्या आत मुरतो. शेवटी मी इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे खोली थंड करणाऱ्या युनिटच्या, लोखंडी पाइपवर पाना मारत राहिलो. तो आवाज पाइपातून प्लांट रूमपर्यंत गेला, म्हणून आज हे लिहितोय. पर्वरीतही काळोखात माझा हात आधी पाइपच शोधत गेला. पाइप प्लॅस्टिकचा.

एक्झिट बटण होतं. दाराच्या उजवीकडे, खांद्याच्या उंचीवर. पण यानाशी मॅच व्हावं म्हणून त्याच्यावर चंदेरी रंग मारलेला, आणि सुरुवातीला कोणी ते दाखवलं नव्हतं. भिंत चाचपत सापडलं, दाबलं, दार उघडलं. पाऊण मिनिट गेलं असेल. मुलगा मोबाइलचा टॉर्च घेऊन जिन्यात धावत येत होता, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

त्याला मी ओरडलो नाही. मालकाला फोनवर मात्र सविस्तर सांगितलं. पोलंडमधल्या कोशालिनला ४ जानेवारी २०१९ रोजी अशाच एका खेळाच्या जागेत आग लागून पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. त्या वाढदिवसाला आल्या होत्या. आणि आपल्या हडफड्याच्या नाइटक्लबात डिसेंबर २०२५ मध्ये आगीत २५ माणसं गेली, ते तर लांबचं नव्हे. मालक आधी म्हणाला, "इन्व्हर्टर खेळ थांबू नये म्हणून लावलाय हो." मी म्हटलं, खेळाला लावा, कुलपाला नको. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग त्याने कुठली वायर काढायची ते विचारलं. मी सांगितलं. खेळ पुरा झाला नव्हता म्हणून त्याने दुसऱ्या शनिवारी फुकट बोलावलं, तिघांनाही.

गेलो. दार लावायच्या आधी मुलाने बटण दाखवलं. आता ते लाल आहे आणि त्याच्यावर दिवाही आहे. मी त्याला मेन स्विच पाडायला लावला, दार सुटलं, मग आत गेलो. लेकीच्या मैत्रिणीने चौथं कुलूप चार मिनिटांत उघडलं. ते कसं ते लिहीत नाही, तुमचा खेळ कशाला बिघडवू? ऑक्सिजनचा आकडा अजून तसाच घसरतो आहे. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा काउंटर बदलला की देईन.

मध्येच लेक कोपऱ्यात कान देऊन उभी राहिली. "पप्पा, इथे काहीतरी टपटपतंय. मोजू?"

"मोजू नको," मी म्हटलं. "तो ड्रेनपाइप आहे."

स्पीकरमधून परत तोच हसण्याचा आवाज आला.