आरबीआयचा इकॉनॉमिस्ट की रॉयटर्सचा रिपोर्टर?
इकॉनॉमिक्स करून पुढे काय, असं भाची विचारत होती म्हणून लिहितोय. रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकारी म्हणून, डीईपीआरमधून (आर्थिक आणि धोरण संशोधन विभाग) गेलीस तर महागाईचे आकडे महिनोन्‌महिने चाळायचे, नोट लिहायची, आणि त्यावर तुझं नाव बाहेर कुणाला दिसणारही नाही, पण व्याजदर ठरवणाऱ्या ६ जणांच्या पतधोरण समितीसमोर जे कागद जातात त्यात तुझं काम असू शकतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

रॉयटर्स, ब्लूमबर्गसारख्या वृत्तसंस्थेत उलटं. पतधोरणाच्या दिवशी सकाळी १० वाजता गव्हर्नर बोलायला लागले की रेपो रेटची (आरबीआय बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) हेडलाइन काही सेकंदात गेलीच पाहिजे, चूक झाली तर जगभर दिसते. समितीच्या बैठकीचे मिनिट्स (इतिवृत्त) मात्र १४ व्या दिवशी येतात, तेव्हा कोणी कसं मत दिलं ते निवांत वाचता येतं. मला विचारशील तर आधी बँकच.