भाड्याच्या घरामागचं रान: ग्रास कटर, तणनाशक की खुरपं?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आम्ही रो-हाऊस भाड्याने घेतलं तेव्हा जुलै अर्धा सरला होता. मागचं दार ढकललं तर समोर छातीएवढं गाजरगवत. मालकांनी फोनवर सांगितलेली ‘मागची छोटी बाग’ ती हीच. पंधरा बाय वीस फुटांची जागा, आणि दोन पावसाळे तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. आमच्याच ओळीत आणखी दोन घरांत त्याच महिन्यात नवे भाडेकरू आले होते आणि त्यांच्याही मागे असंच रान होतं. तिघांनी तीन वाटा धरल्या. जुलै ते दिवाळी मी तिन्ही अंगणं रोज बघत होते. तुम्ही आत्ता अशाच दारात उभे असाल आणि हाताशी दोन-तीन हजारच असतील, तर हे तुमच्यासाठी.

शेवटच्या घरातल्या दादांनी ग्रास कटरवाला बोलावला. पेट्रोलचं मशीन, तासाभराचं काम, आठशे रुपये. संध्याकाळी अंगण इतकं मोकळं दिसत होतं की मला आमच्या निर्णयाचं वाईट वाटलं. पण मशीन कापतं ते जमिनीच्या वरचं. मुळं तशीच, वर पाऊस. वीस दिवसांत गवत परत पोटरीला लागलं. गाजरगवत तर कापल्यावर बुडातून फुटतं आणि बुटकं असतानाच फुलावर येतं. दसऱ्यापर्यंत तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे चोवीसशे रुपये, आणि दुसऱ्या फेरीत उडालेल्या खड्याने खिडकीची काच तडकली ते वेगळंच. तरी ही वाट मी वाईट म्हणणार नाही. घर चार-सहा महिन्यांत सोडायचं असेल, किंवा पुढच्या आठवड्यात घरी कार्य असेल, तर हीच धरा. फक्त माणूस येण्याआधी विटांचे तुकडे आणि काचा वेचून ठेवा.

मधल्या घरातल्या काकूंनी तणनाशक मारून घेतलं. बाटली स्वस्त म्हणून ही वाट सगळ्यात स्वस्त वाटते. पण ग्लायफोसेटसारखं औषध हिरव्या पानांतून आत शिरून मुळापर्यंत जातं, त्यासाठी फवारणीनंतर काही तास पान कोरडं राहावं लागतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तेवढी उघडीप कुठे मिळते? पहिली फवारणी दोन तासांत आलेल्या सरीने धुऊन नेली. दुसरी लागू पडली, रान बारा-तेरा दिवसांत पिवळं पडून वाळलं, पण वाळलेले दांडे उभेच. ते काढायला शेवटी माणूस लावावाच लागला. भिंतीकडेच्या कुंडीतली तुळस आकसली, वाऱ्याने औषध तिच्यावर गेलं असणार. आणि एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: ग्लायफोसेटची फवारणी कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच करावी, असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला होता. घरात रांगतं मूल असेल, मांजर-कुत्रं असेल किंवा जवळ बोअर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, नको.

आम्ही खुरपं धरलं. दोन मावश्या, दोन दिवस, प्रत्येकीला रोजचे पाचशे, म्हणजे दोन हजार. आम्ही दोघंही सोबत वाकलो, नाहीतर अजून एक दिवस लागला असता. पहिल्या दिवशी सकाळी मी उत्साहाने पावसातच सुरुवात करणार होते. मोठ्या मावशींनी हात धरला. “ताई, आज नको. वाफसा येऊ द्या, परवा येतो.” काळी माती ओली असताना पायाला चिखलाचे जोडे चढतात, सुकली की दगड होते. मधल्या त्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे वाफशात, मात्र गाजरगवत मुळासकट, चक्क दोन बोटांनी उपटून येतं. मजुरी तीच, काम दुप्पट. खर्च वाचवायची सगळ्यात मोठी जागा हीच आहे, दिवस निवडण्याची.

खरी मेहनत लव्हाळ्याची. वरून पात ओढली की ती हातात येते, गाठ खाली राहते. मावशी खुरप्याचं टोक तिरपं घालून माती वर उचलायच्या आणि बोटांनी चाळायच्या. त्यांच्या तळहातावर पाहिलं तर काळ्या-तपकिरी गाठी, शेंगदाण्यापेक्षा लहान, तारेसारख्या मुळाने एकीला दुसरी जोडलेली, जशी तुटकी पोत. एक गाठ नखाने खरवडली, तर उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास. यातली एक जरी राहिली तरी महिन्यात नवं बेट. आमच्याकडेही थोडा लव्हाळा परत आला, नाही म्हणत नाही. पण दिवाळीत तो ओंजळभर होता आणि दादांच्या अंगणात गुडघाभर.

खुरपणीत दोन काळज्या घ्या. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्याचे परागकण बाधतात. पूर्ण बाह्या, हातमोजे, तोंडाला रुमाल. आणि आधी लांब काठीने रान झोडपून घ्या. घोणस पाचोळ्यात निपचित पडलेली असते, दिसत नाही. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला फोन करा.

जागा मोकळी झाली की लगेच काहीतरी अंथरायचं किंवा पेरायचं, नाहीतर दोन हजार मातीत गेले म्हणून समजा. लॉनचा विचार मनात येतोच. भाड्याच्या घरात तो सोडून द्या, हिरवळीच्या तयार गादीचे पैसे, उन्हाळाभर पाणी आणि शेवटी ती मालकाची. आम्ही अर्ध्या भागात ताग पेरला. कृषी सेवा केंद्रातून दोन किलो बी आणलं, तेही जास्त झालं. ताग दाट उगवतो, तणाला ऊन मिळू देत नाही. दीड महिन्याने फुलावर येताना कापून तिथेच मातीत मिसळला. त्या जागेत नंतर मेथी अशी आली की शेजारी दोन-दोन जुड्या वाटल्या. उरलेल्या अर्ध्यात पुठ्ठे अंथरले, किराणा दुकानातले खोके, चिकटपट्टी काढून, पाण्याने भिजवून, वर पाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे काम करणार असाल तर द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे आपल्याकडे भरपूर मिळतात, आणि निफाडकडे कोणी ओळखीचं असेल तर उसाचं पाचट त्याहून चांगलं. उपटलेलं गवत खतखड्ड्यात चालतं, फक्त फुलावर आलेलं गाजरगवत आणि लव्हाळ्याच्या गाठी त्यात नकोत.

झाडं जमिनीत लावायची की कुंडीत? करार अकरा महिन्यांचा असेल तर हंगामी गोष्टी जमिनीत: मेथी, कोथिंबीर, पालक, झेंडू. ज्यांच्यावर जीव जडतो ती कुंडीत. गुलशनाबाद म्हणवलेल्या गावात गुलाब हवाच, पण माझे तिन्ही गुलाब रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांत आहेत. तळाला पाच-सहा भोकं, एक थर विटांच्या तुकड्यांचा, मग माती आणि शेणखत. रंगकाम चालू असलेल्या इमारतीत विचारलं तर अशा बादल्या पन्नास रुपयांत मिळून जातात. घर बदललं तर टेम्पोत सोबत येतील.

कुंपणाला सुबाभूळ किंवा दुसरं मोठं झाड वाढलेलं असेल तर त्याला मजुराकडून परस्पर हात लावू नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष अधिनियमाप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, आणि अर्ज मालकांनी केलेला बरा.

मालकांशी बोलायचं ते काम सुरू करण्याआधी. आम्ही रानाचे फोटो आणि मजुरीचा अंदाज पाठवला, त्यांनी एक हजार पुढच्या भाड्यातून वळते करून घ्यायला सांगितलं. दादांनी तिसऱ्या फेरीनंतर विचारलं, त्यांना काहीच मिळालं नाही. आता ते वाफशाची वाट बघत नाहीत, कारण पाऊस गेला. एप्रिलमध्ये एकदा खोल पाणी देऊन, दोन दिवस थांबून त्याच मावश्यांना बोलवायचं त्यांनी ठरवलंय.