पित्तनलिकेचा कॅन्सर, सेकंड ओपिनियनचा अनुभव (४ स्टार)

बाबांना कावीळ, लघवी एकदम गडद आणि खाज तर इतकी की रात्रभर कंगव्याने पाठ खाजवत बसायचे, पहिल्या हॉस्पिटलने प्लास्टिक स्टेंट (पित्त वाहतं राहावं म्हणून नलिकेत बसवायची छोटी नळी) टाकला आणि ऑपरेशन होणार नाही एवढं सांगून मोकळे. म्हणून इथे आलो. इथल्या डॉक्टर मॅडमनी सीटी स्कॅन स्क्रीनवर लावून गाठ रक्तवाहिनीला कशी चिकटलीय ते बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. मग केमो. जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन हे २०१० पासूनचं ठरलेलं कॉम्बिनेशन, त्यात ड्युरव्हालुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) जोडली. सगळ्यात आवडलं ते हे की केमोच्या आधीच बायोप्सीचा तुकडा जीन टेस्टला पाठवला, एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जीन्समध्ये बदल सापडला तर पुढे त्यावरच्या गोळ्यांचा पर्याय राहतो, हे आधीच्या ठिकाणी कुणी बोललंच नव्हतं! प्लास्टिक स्टेंट साधारण ३ महिन्यांत तुंबतो म्हणून मेटलचा टाकला. स्टेंट तुंबून इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणून थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, सरळ या, असंही बजावलं. एक स्टार कापला कारण जीन रिपोर्टसाठी रोज फोन, आणि दरवेळी उत्तर एकच, 'उद्या बघा'.