सराफ कट्ट्याजवळचे पटवेकरी आणि सासूबाईंची पुतळ्यांची माळ

सासूबाईंची पुतळ्यांची माळ पर्समध्ये घट्ट धरून तासगावहून एसटीनं सांगलीला नेली. रेशीम कुजलं होतं, दोन पुतळ्या सुटून आल्या होत्या. आधी एका पेढीवर दाखवली. त्यांनी सगळी माळ एकदमच काट्यावर ठेवली आणि "मोडून नवीन करा" म्हणाले. मी माळ उचलली नि बाहेर पडले.

हे पटवेकरी, म्हणजे दागिने रेशमात गाठून देणारे, सराफ कट्ट्याजवळच्या बोळात बसतात. दुकान एवढंसं, भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ अजून दिसते. काकांनी रेशीम कापलं, एकेक पुतळी वेगळी तोलली, वजनं कागदावर लिहिली आणि खाली माझी सही घेतली. एकवीसपैकी अठरा दोन ग्रॅमच्या आसपास भरल्या. तीन मात्र कडीसकट पावणेचार ग्रॅमच्या. "ताई, या तीन इथल्या नव्हेत," म्हणत त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

पुतळीवरच्या जोडीला सासूबाई राम-सीता म्हणायच्या. मीही तेच मानत आले. भिंगातून पाहिलं तर एक संत उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, मधे निशाणाची काठी. संत मार्क आणि व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख! मागच्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू. हे व्हेनिसचं डुकाट, म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं. 1284 पासून 1797 मध्ये नेपोलियननं ते राज्य बुडवेपर्यंत त्यावरचं चित्र फारसं बदललं नाही. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास निखळ. त्या भरवशावरच मिरी आणि कापडाच्या मोबदल्यात ते तांबड्या समुद्रातून आपल्याकडे येत राहिलं, आणि आपल्या सोनारांनी त्यावरून पुतळ्या घडवल्या. नकलेत अक्षरांच्या नुसत्या काड्या उरतात, माझ्या अठरांवर तशाच आहेत. पण तिघींपैकी एकीवर रोमन अक्षरांत नाव लागलं: पाओलो रेनिएर, 1779 ते 1789 चा डोज. तिकडे तो, इकडे पुण्यात सवाई माधवराव. मला तिथंच भरून आलं. सासूबाई असत्या तर त्यांना दाखवलं असतं.

काकांनी पुतळ्या रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुतल्या, अ‍ॅसिड जवळसुद्धा आणलं नाही. जुन्या कड्याही तशाच ठेवल्या. तिन्ही डुकाटं मधोमध घेऊन माळ लाल रेशमात गाठली आहे, गाठी अगदी एकसारख्या. मजुरी 950 रुपये.

तक्रार एकच. पाच दिवस सांगून बारा लागले, आणि त्यात माझी एक खेप फुकट गेली. लग्नकार्यासाठी द्यायची असेल तर महिनाभर आधी द्या, आणि वजनं आपल्यासमोर लिहून घ्या. मी तो सहीचा कागद घडी घालून माळेच्याच डबीत ठेवला आहे.